आणखी एक साल

"तोंड मोठं उघडा, बाबा. अजून. हां, असंच राहू द्या," असं म्हणत शीतलनं खुर्चीतल्या म्हाताऱ्याची हनुवटी डाव्या हातात घट्ट धरली.

म्हाताऱ्याचं नाव जळबा. जवळा बाजारला सोयाबीन घेऊन आला होता आणि मालाचा काटा होईस्तोवर दुखरी दाढ काढून घेऊ म्हणून जिना चढला होता. दाढ आधीच हलत होती. भूल चढल्यावर त्याचा ओठ जड झाला होता आणि तो मधूनमधून बोटानं ओठ चाचपून बघत होता, जागेवर आहे ना म्हणून.

शिवशंकर डॉक्टरांनी पक्कड मागितली नाही. मागायच्या आत ती त्यांच्या तळव्यावर आलेली असे. मग शीतलनं रोजची एक बारीकशी गोष्ट केली. हनुवटी धरलेल्या हाताचा अंगठा किंचित वर घेतला. डॉक्टरांनी अनामिका त्या अंगठ्यावर टेकवली आणि त्यांच्या उजव्या हाताची थरथर थांबली. बघणाऱ्याला यातलं काही कळलं नसतं. दोघांनाही सगळं कळत होतं, पण दोन वर्षांत त्याबद्दल एक शब्दही निघाला नव्हता.

तेवढ्यात तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात फोन थरथरला. एकदा, मग लगोलग दुसऱ्यांदा. तिनं हात हलवला नाही.

दाढ निघाली. जळबानं ती तळहातावर घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"एवढीशी हाय व्हय!" कापूस दाबलेल्या तोंडानं तो म्हणाला. "झोपू देत नव्हती."

तो गेल्यावर शीतल ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेली. हत्यारं धुतली, पुसली, उकळायच्या यंत्रात लावली. मग हात कोरडे करून फोन काढला. बीडीएस. नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय. खाली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तिनं ते दोनदा वाचलं, फोन पुन्हा खिशात टाकला आणि यंत्राचं झाकण लावलं की नाही ते तपासलं. लावलेलं होतं. तरी पुन्हा दाबलं.

"शीतल," बाहेरून डॉक्टरांनी विचारलं, "आज यादी लागणार होती ना?"

"साइट चालत न्हाई, सर," ती म्हणाली.

पाच वर्षांत ती डॉक्टरांशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती.

*

बारावीनंतर डॉक्टरकीच्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत शीतलला इतके कमी गुण पडले होते की गावात, हट्ट्यात, कुणी विचारलं तर ती निकाल अजून लागायचा आहे म्हणून सांगायची. वडील त्याआधीच्याच वर्षी गेले होते. आई, पंचफुला, अंगणवाडीत मदतनीस. आईचा गाल सुजला म्हणून तिला घेऊन शीतल दवाखान्यात आली, तेव्हा डॉक्टरांची मदतनीस लग्न होऊन गेली होती आणि खुर्चीवरच्या दिव्याचा दांडा सैल झाला होता. दिवा खाली घसरायचा. शीतलनं काही न बोलता तो धरून ठेवला आणि आईची दाढ भरून होईपर्यंत धरूनच उभी राहिली. निघताना डॉक्टरांनी विचारलं, "उद्यापासून येशील का?"

पहिलं वर्ष नुसतं कामात गेलं. मग एका दुपारी, पेशंट नसताना, डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला दाताचं उभं चित्र काढलं आणि मधल्या भागावर पेन ठेवून विचारलं, "इथं काय असतं?"

"नस," ती म्हणाली.

"नस म्हणजे काय काय?"

तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जुनं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन आली. तेव्हापासून दुपारची वेळ अभ्यासाची झाली. रसायनशास्त्राला डॉक्टर स्वतः आदल्या दिवशी वाचून यायचे, हे तिला काकूंकडून कळलं. नर्मदाकाकू म्हणजे डॉक्टरांच्या बायको. दवाखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत दोघांचा संसार होता.

कामाला लागल्यावर ती तीनदा परीक्षेला बसली. पहिल्या दोन वेळा जमलं नाही. दोन्ही निकालांच्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टरांनी ना धीर दिला, ना हळहळ केली. दुपारी फक्त पुस्तक तिच्याकडं सरकवून म्हणाले, "पहिल्या धड्यापासून घेऊ."

यंदा गुण बरे आले. आयुर्वेदालाही कुठंतरी लागला असता नंबर. चुलते म्हणाले, "दाताचा डाक्टर काहून व्हायचं? तोंडापुरताच डाक्टर. त्याच्यापेक्षा सगळ्या अंगाचा हो." शीतलनं पसंतीक्रम भरताना दंत महाविद्यालयं सगळ्यात वर टाकली. डॉक्टरांनी तिला तसं सांगितलं नव्हतं. उलट "नीट विचार कर, गावात एमबीबीएसला लोक खुर्ची देतात, आपल्याला स्टूल," असं हसत म्हणाले होते.

*

संध्याकाळी ती हट्ट्याला उतरली तेव्हा पंचफुला अंगणात तूर निवडत बसली होती. शीतल चप्पल न काढता उंबऱ्यावरच टेकली.

"नंबर लागला, माय. नागपूरला."

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. दोन्ही हातांनी लेकीचं तोंड धरलं आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून काही वेळ तशीच राहिली. मग उठली, आत गेली, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, आणि डोळे पुसत बाहेर आली.

"डाक्टरसायब काय म्हणले?"

शीतल वाकून चप्पल काढू लागली.

"सांगितलं न्हाई?"

"त्यांचा हात थरथरते, माय. मी हाय म्हणून चालून राहिलं सगळं. अवघड कामं त्यांनी कधीचीच बंद केली, परभणीला पाठवतात. हे साधंसुधं मी धरते म्हणून होते. मी गेले तर दवाखाना बंद पडंल. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातून लोक येतात, त्यांनी कुठं जावं? अन् सरांनी काय करावं दिवसभर?" ती एका दमात बोलली. "ज्यांनी शिकवलं त्यांचंच दुकान बंद करून जायचं का मी?"

पंचफुला सूप मांडीवर घेऊन पुन्हा निवडू लागली.

"मी काय सांगू तुला," ती शेवटी म्हणाली. "जा म्हणलं तर त्यांचं वाईट वाटते, राह्य म्हणलं तर तुझं. पण त्यांना न सांगता ठरवू नको. त्यांचंबी लेकरूच हायेस तू."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आधीच शीतलनं फोन डॉक्टरांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, फोन लांब धरला, जवळ आणला. मग खुर्चीवरून उठून मागच्या दाराशी गेले आणि जवळजवळ ओरडलेच, "अगं ए, साखर आण!"

काकू साखरेचा डबाच घेऊन आल्या. शीतलच्या तोंडात त्यांनी एवढी साखर कोंबली की तिला बोलता येईना. डॉक्टर मात्र लगेच कामाला लागले होते.

"जात पडताळणी आहे ना तुझ्याकडं? चांगलं. मधली वर्षं गेली त्याचं गॅपचं शपथपत्र लागेल, ते औंढ्याला तहसीलमध्ये होऊन जाईल. आणि फिटनेस सर्टिफिकेट. त्याला एमबीबीएसचीच सही लागते." ते हसले. "बघ, तू धडधाकट आहेस एवढंही मला लिहून देता येत नाही."

शीतलनं साखर गिळली.

"सर, मी पुढच्या वर्षी जाते."

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी? ही काय एसटी आहे का, ही सोडली तर मागची धरायला? पुन्हा परीक्षा, पुन्हा गुण, कोणास ठाऊक काय होईल. सीट कुणी कुणासाठी राखून ठेवत नाही." त्यांचा आवाज चढला. असा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "कशाला पुढच्या वर्षी?"

"तुमचा हात, सर," ती म्हणाली.

काकू डब्याचं झाकण लावत होत्या, त्या थांबल्या. मग आत गेल्या.

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीजवळच्या स्टूलवर बसले. उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाहत राहिले. तो थरथरत होताच. आज त्यांनी तो दुसऱ्या हातानं झाकला नाही.

"केव्हापासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली."

"कुणाला बोलली नाहीस."

"काय बोलायचं, सर?"

खाली रस्त्यावर ट्रॅक्टर अडकला होता आणि कुणीतरी हिंदीतून कुणाला तरी मागं घ्यायला सांगत होतं. डॉक्टरांनी उठून खिडकी ओढून घेतली.

"मी दुसरी मुलगी बघतो," ते म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "तू शिकलीस तशी तीही शिकेल. जगात काय तू एकटीच आहेस दिवा धरणारी? कागदपत्रांच्या मागं लाग. आज दुपारीच औंढ्याला जाऊन ये."

"खरंच बघता?"

"बघतो म्हणालो ना."

तिनं मान हलवली. पण शपथपत्र करून परतताना एसटीत बसल्या बसल्या ती त्या दुसऱ्या मुलीचाच विचार करत होती. ती कोण असेल? तिला अंगठा वर घ्यायचं कसं सुचणार? आणि ते तिला कोण सांगणार? सर तर स्वतःहून सांगणार नाहीत.

*

म्हणून दुसऱ्या दिवशी ती वर न जाता आधी खाली अमृतरावांच्या दुकानात शिरली. इमारत त्यांचीच. खाली त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान, वर दवाखाना. अमृतरावांची पुतणी बारावी होऊन घरीच आहे, हे तिला माहीत होतं.

अमृतराव खताच्या थप्पीला टेकून चहा पीत होते.

"ये, ये. डाक्टरीणबाई झाली म्हणं तू!" त्यांनी नोकराला हाक मारली. "एक कप अजून आण रे. बस शीतल."

"काका, एक काम होतं. तुमची पुतणी वर दवाखान्यात येईल का कामाला? मी जायच्या आधी शिकवीन तिला सगळं. सरांना माणूस लागंल ना."

अमृतरावांनी कप बशीत ठेवला.

"माणूस? काहून?"

"मी चालले म्हणून."

"अगं, पण ते तर जागा सोडून राहिले." ते तिच्याकडं नवलानं बघत होते. "काल सांजच्याला आले होते माझ्याकडं. म्हणले, अमृतराव, दिवाळीनंतर घ्या तुमची जागा. लई खूश होते. पेढे घेऊन आले होते. पुण्याला चालले ते, पोराकडं. तुला न्हाई बोलले?"

शीतल तिथल्याच एका पोत्यावर बसली.

"पुण्याला तर त्यांना दोन वर्षांखालीच जायचं होतं," अमृतराव पुढं सांगू लागले, सहज, जणू मालाच्या आवकेबद्दल बोलावं तसं. "हात चालंना म्हणून दवाखाना बंद करतो म्हणले होते. पोरानं तिकडं खोली तयार ठेवली. काकूंनी भांडी बांधली. मी वर गोदाम करायचं म्हणून पत्र्याचं मापबी घेतलं. अन् एक दिवस आले. म्हणले, थोडं थांबा, पोरगी परीक्षेला बसून राहिली, तिचा निकाल लागू द्या. म्हणलं ठीक हाय. निकाल लागला, तुझं झालं न्हाई. त्याच दिवशी दुपारच्याला आले, अन् इथंच उभं राहून म्हणले, अमृतराव, आणखी एक साल. मागल्या वर्षीबी तेच. निकाल लागला की आलेच. आणखी एक साल, अमृतराव."

नोकरानं चहा आणून शीतलच्या हातात दिला. तिनं तो घेतला.

"मी एकदा म्हणलं, डाक्टरसायब, पोरगी घरी बसून अभ्यास करंल की, तुमी काहून अडकून राहिले? तर म्हणले, घरी बसली की तिचं लग्न करतील. इथं यायला तिला काहीतरी कारण पाहिजे." अमृतरावांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "खरं का खोटं ते त्यांनाच माहीत. घे ना, थंडा होईल."

शीतलनं चहा घेतला. तो फार गोड होता. सगळा पिऊन तिनं कप नीट बशीत ठेवला, अमृतरावांना नमस्कार केला, आणि दुकानाबाहेर येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. पहिल्या निकालाचा दिवस तिला आठवला. त्या दुपारी डॉक्टर जरा जाऊन येतो म्हणून खाली उतरले होते. ती आतल्या खोलीत नळ सोडून रडत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते परत आले तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं आणि त्यांनी पुस्तक तिच्याकडं सरकवलं होतं.

एक बाई लेकराला कडेवर घेऊन जिन्याशी आली. "डाक्टर हायेत का वर?"

"हायेत," शीतल उठत म्हणाली. "चला, मी पण वरच चालले."

लेकराच्या हिरडीला नुसती सूज होती. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. बाई गेली. डॉक्टर खिडकीशी उभे होते. तिथून अमृतरावांच्या दुकानाची पुढची बाजू दिसायची.

"खाली गेली होतीस?"

"व्हय, सर. त्यांच्या पुतणीचं विचारायला. तुमच्याकडं कामाला येते का म्हणून."

डॉक्टर वळले नाहीत.

"काय म्हणाले अमृतराव?"

शीतलनं ट्रेवरचा कापूस सारखा केला.

"काही न्हाई. विचारून सांगतो म्हणले. येईल ती."

आता ते वळले. तिच्याकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. ती कापसाकडं बघत होती.

"असं म्हणाले?"

"व्हय."

"बरं." त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. "मग तिला शिकवून जावं लागेल तुला."

"शिकवीन की, सर."

"पहिल्यांदा काय शिकवशील?"

शीतलनं थोडा विचार केला.

"पहिलं म्हणजे पेशंटसंग बोलत राह्यचं. सुई त्यांना दिसू द्यायची न्हाई. अन् लेकरू असलं तर आधी त्याला आरसा हातात द्यायचा, खेळू द्यायचं."

"आणि दुपारी पुस्तक घेऊन बसायचं म्हणावं."

"ते तुमीच सांगा, सर," ती म्हणाली. सारखा केलेला कापूस तिनं पुन्हा सारखा केला. "तुमचं ऐकंल ती."

मागच्या दारातून काकू चहाचे कप घेऊन आल्या. दोघांचे चेहरे बघून दारातच थांबल्या.

"कोणाचं चाललंय?"

"नवी मुलगी येतेय ना दवाखान्यात," डॉक्टर म्हणाले. "तिचं."

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग शीतलकडं. कप टेबलावर ठेवले. पदरानं हात पुसत त्या जवळच्या खुर्चीवर टेकल्या.

"गुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "खोटं मात्र तिला अजिबात बोलता येत नाही."